चालणाऱ्याची जबाबदारी किती आणि कुठवर?

गाडीखाली माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो मधेच कसा काय आला? झेब्रावर होता का, सिग्नल कुठला होता, कानात हेडफोन होते का, कपडे काळे होते का. गाडीचा स्पीड किती होता हे बऱ्याच वेळाने कोणीतरी विचारतं आणि कधी कधी कोणीच विचारत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. पादचाऱ्याचे हक्क आणि पादचाऱ्याच्या जबाबदाऱ्या या गोष्टी आपण कायम जोडीने बोलतो, जणू दोन्हींचं वजन सारखंच आहे आणि ड्रायव्हर काय नि पादचारी काय दोघंही रस्ता वापरणारेच, तर नियमही दोघांना सारखेच. हे मला साफ अमान्य आहे. रस्त्यावर ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी, हे वाहतूक कायद्याचं पहिलं तत्त्व असलं पाहिजे. आणि चालणाऱ्यावर जी काही जबाबदारी टाकायची ती आठ वर्षांच्या मुलाला, ऐंशी वर्षांच्या आजीला आणि न दिसणाऱ्या माणसाला पाळता येईल एवढीच असली पाहिजे. त्यापेक्षा जास्त मागणारा कायदा अन्याय करतो, वरून कितीही समतोल दिसो.

गाडी चालवायला लायसन्स लागतं, त्याला वयाची अट आहे, डोळे तपासतात, परीक्षा घेतात, गाडीला नंबर प्लेट लागते, विमा लागतो. एवढं सगळं कशासाठी, तर टनभर लोखंड लोकांच्या मधून वेगाने न्यायची ती परवानगी असते, अटींवर दिलेली आणि अटी मोडल्या तर काढून घेता येणारी. चालायला लायसन्स नाही आणि कधी असूही शकत नाही. चालणाऱ्यांमध्ये लहान मुलं आहेत ज्यांना येणाऱ्या गाडीचं अंतर आणि वेग यांचा अंदाज अजून येतच नाही, ऐकू न येणारे आहेत, गुडघे दुखणारे आहेत, कडेवर बाळ आणि हातात पिशवी असलेली बाई आहे, नुकतीच वाईट बातमी कळल्याने डोकं ठिकाणावर नसलेला माणूस आहे. दारू प्यायलेला माणूसही आहे, आणि तो गाडी न काढता चालत घरी निघालाय ही सगळ्यांसाठी चांगलीच गोष्ट आहे. यातल्या कोणालाही तू नापास झालास, उद्यापासून चालू नकोस, असं सांगता येत नाही. म्हणजे रस्त्यावर एक गट असा आहे ज्याला निवडून, शिकवून, तपासून आत घेतलंय आणि दुसऱ्या गटात सगळीच माणसं आहेत. मग चुका पोटात घालण्याची जागा कोणाच्या बाजूने जास्त ठेवायची हे वेगळं सांगायला लागू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात २०२१ सालचा जगभरातल्या रस्तेमृत्यूंचा अंदाज ११ लाख ९० हजार आहे आणि त्यात पादचारी साधारण २३ टक्के, म्हणजे पावणेतीन लाखांच्या जवळपास. २०१० ते २०२१ या काळात एकूण मृत्यू थोडे कमी झाले पण पादचाऱ्यांचे मात्र वाढले. या लोकांनी कोणाला मारलं नव्हतं. चालणाऱ्याच्या धक्क्याने गाडीतला माणूस मेला असं होतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि एवढ्या एका गोष्टीवरूनही जबाबदारीची वाटणी सारखी असू शकत नाही हे पटायला हवं.

आणि ही समान वाटणीची कल्पना काही पहिल्यापासून नव्हती बरं का. ब्रिटनमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरून जाणाऱ्या इंजिनाच्या पुढे लाल झेंडा घेऊन माणूस चालवावा लागायचा आणि वेगाची मर्यादा शहरात ताशी २ मैल, बाहेर ४ मैल. धोका जो आणतोय त्याने सावध करायचं असा तो हिशोब होता. तो कायदा परत आणा असं कोणी म्हणत नाहीये, पण हिशोब बघा. १८९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली येऊन गेली, ब्रिटनमधला मोटारीच्या धडकेने झालेला पादचाऱ्याचा तो पहिला नोंदलेला मृत्यू. तिथून पुढे पंचवीस-तीस वर्षांत सगळं फिरलं. अमेरिकेत सिनसिनाटी शहरात १९२३ मध्ये ४२ हजार लोकांनी सह्या करून मागणी केली की शहरातल्या गाड्यांना ताशी २५ मैलाच्या वर जाऊच न देणारं यंत्र बसवा. मोटार विकणाऱ्यांनी त्याच्या विरोधात जोरदार प्रचार केला आणि मतदानात ती मागणी पडली. दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, लॉस एंजेलिसने नवे वाहतूक नियम केले, ज्यात चालणाऱ्याने ठरलेल्या ठिकाणीच आणि ठरलेल्या वेळीच रस्ता ओलांडायचा असं आलं, आणि तेच नियम पुढे इतर शहरांसाठी नमुना झाले. रस्ता जो सगळ्यांचा होता तो गाड्यांचा झाला आणि चालणारा त्यात घुसखोर ठरला. हे कोणत्या निसर्गनियमाने झालेलं नाही, ते ठरवून केलं गेलंय, आणि म्हणूनच ते बदलताही येतं.

बदललंयही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तकात, २९ जानेवारी २०२२ पासून रस्ता वापरणाऱ्यांची उतरंड आली, जो जास्त इजा करू शकतो त्याच्यावर इतरांचा धोका कमी करायची जास्त जबाबदारी, सगळ्यात जास्त भार अवजड वाहनांवर आणि सगळ्यात कमी पादचाऱ्यांवर, त्यातही मुलं, म्हातारी माणसं आणि अपंग यांचा वेगळा विचार. त्याच्या लगेच पुढचा नियम म्हणतो की वळताना, ज्या रस्त्यात शिरताय तो ओलांडणाऱ्याला किंवा ओलांडायला थांबलेल्यालाही आधी जाऊ द्या. थांबलेल्यालाही, हे महत्त्वाचं आहे, कारण नाहीतर हक्क वापरायला आधी गाडीपुढे पाय टाकायची हिंमत दाखवावी लागते आणि ती हिंमत तरण्याताठ्यांकडेच असते. पादचाऱ्यांनीही स्वतःच्या आणि इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घ्यावी हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहेच. शिवाय ब्रिटनमध्ये मोटरवे सोडला तर कुठूनही रस्ता ओलांडणं हा गुन्हा नाही, आणि तरीही त्या देशाचे रस्ते जगातल्या सुरक्षित रस्त्यांमध्ये मोजले जातात. झेब्राबाहेर ओलांडणाऱ्यांना दंड केल्याशिवाय शिस्त येत नाही म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आता जबाबदाऱ्यांकडे येते, कारण त्या नाहीतच असं माझं अजिबात म्हणणं नाही. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक कराराच्या विसाव्या कलमात त्या लिहिल्यात आणि त्या मला वाजवी वाटतात. फुटपाथ असेल तर त्यावरून चाला, नसेल तर रस्त्याच्या शक्य तेवढं कडेने, न बघता रस्त्यात पाऊल टाकू नका, जवळ क्रॉसिंग असेल तर ते वापरा. यात मी एवढंच जोडेन की फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावं म्हणजे येणारी गाडी दिसते, पार्क केलेल्या दोन गाड्यांच्या मधून अचानक बाहेर पळू नये, डिव्हायडरवरून उड्या मारू नयेत, आणि फोनवरचं बोलणं क्रॉसिंग संपेपर्यंत थांबू शकतं. कोणी धावत्या गाड्यांमधून हात दाखवत निघाला आणि त्याला चुकवताना स्कूटरवाला पडला तर त्या माणसाचा दोष आहेच, त्यात काय शंका.

पण या प्रत्येक जबाबदारीला एक जर-तर आहे आणि आपण तोच खाऊन टाकतो. फुटपाथवरून चाला, जर फुटपाथ असेल आणि चालण्याजोगा असेल तर. क्रॉसिंग वापरा, जर ते जवळ असेल तर. करारातही हे जर आहेतच, फुटपाथ वापरणं शक्य नसेल तर रस्त्यावरून चालायची मुभा त्याच कलमात दिलीय. ज्या कर्तव्यासाठी जागाच दिलेली नाही ते पाळलं नाही म्हणून माणसाला दोषी कसं धरायचं? फुटपाथवर गाड्या उभ्या, मधोमध खांब, अर्धवट खोदकाम, पुढे तो एकदम संपतोच, आणि वर म्हणायचं लोक रस्त्यावरून चालतात. लंडनमध्ये फुटपाथवर गाडी लावायला १९७४ च्या कायद्यापासून बंदी आहे. भारतात सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये अडथळे नसलेल्या फुटपाथचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलंय. मोकळा फुटपाथ देणं ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती आधी येते, चालणाऱ्याची त्याच्यानंतर.

सिग्नलचंही तेच, आणि इथे मला जरा थांबून हिशोब करायचाय कारण यावर कोणी बोलतच नाही. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा हे माणूस किती वेगाने चालतो यावरून ठरवतात आणि त्यासाठी सेकंदाला १.२ मीटर हा वेग कितीतरी वर्षं बऱ्याच देशांत धरला गेलाय. हा धडधाकट माणसाचा वेग झाला. इंग्लंडमधल्या ६५ च्या पुढच्या लोकांच्या एका अभ्यासात, २०१२ साली आलेल्या, सरासरी वेग पुरुषांचा ०.९ आणि बायकांचा ०.८ मीटर निघाला. आता १८ मीटर रुंद रस्ता घ्या. १.२ च्या हिशोबाने १५ सेकंद पुरतात. पण सेकंदाला ०.८ मीटर चालणारी आजी १५ सेकंदांत १२ मीटर जाते, उरलेले ६ मीटर म्हणजे दोन लेन अजून बाकी असतात आणि तेवढ्यात गाड्यांचा दिवा हिरवा होतो. तिने नियम शंभर टक्के पाळला, हिरवा लागल्यावरच निघाली, झेब्रावरूनच चालली, कुठे रेंगाळली नाही, तरी ती लाल दिव्यात रस्त्याच्या मधे उभी आहे आणि सगळे तिच्यावर हॉर्न वाजवतायत. नियम तिने मोडलेला नाही, सेकंद मोजणाऱ्याने तिला मोजलंच नव्हतं. हे सुधारायला काही फार मोठं लागत नाही, अमेरिकेच्या सिग्नलच्या नियमपुस्तकाने २००९ मध्ये धरायचा वेग कमी करून सेकंदाला साधारण १.०७ मीटर केला, आणि सिंगापूरमध्ये २००९ पासून म्हातारे आणि अपंग लोक आपलं कार्ड सिग्नलच्या खांबावर टेकवून हिरव्या दिव्याचे जास्तीचे सेकंद मिळवू शकतात. थांबायचा वेळही कायद्याने बघायला पाहिजे. पादचाऱ्याला दोन-अडीच मिनिटं उन्हापावसात उभं ठेवायचं आणि मग दहा-बारा सेकंद द्यायचे, असं केल्यावर लोक लाल असताना निघणारच, आणि ती बेशिस्त सिग्नल लावणाऱ्याने घडवलेली असते.

पादचारी पूल आणि भुयारी मार्ग यांच्याबद्दलही तेच मत आहे, जरा कडकच आहे. पूल बांधला की खालून ओलांडणारा आपोआप गुन्हेगार. पण गाडीवाल्याला सरळ सपाट रस्ता, ज्याला नुसता पाय दाबायचाय, आणि स्वतःच्या ताकदीवर चालणाऱ्याने चाळीस-पन्नास पायऱ्या चढायच्या नि तेवढ्याच उतरायच्या, वर व्हीलचेअरवाल्याला तर तो पूल भिंतच. रात्री रिकाम्या भुयारी मार्गातून एकट्या बाईने जावं अशी अपेक्षा करणं हाही वेगळा धोका तिच्या गळ्यात घालणं आहे. रेल्वेलाइन किंवा खराखुरा द्रुतगती मार्ग असेल तर पूल ठीक. शहरातल्या रस्त्यावर माणूस जमिनीवरूनच ओलांडेल आणि गाडी थांबेल, हीच रीत पाहिजे.

काळे कपडे आणि मोबाइल हे दोन आरोप फार ऐकू येतात. होनोलुलू शहराने तर २०१७ मध्ये रस्ता ओलांडताना स्क्रीनकडे बघायला दंडच लावला. मोबाइल बघत चालू नये हे मान्य, मी वर म्हटलंच. पण मोबाइलमध्ये डोकं घातलेला पादचारी स्वतःला धोक्यात घालतो आणि मोबाइल बघणारा ड्रायव्हर दुसऱ्याला, या दोघांना एका वाक्यात बसवू नका. कपड्यांचं म्हणाल तर रात्री हलका रंग घातला तर बरंच, पण समोर दिसतंय तेवढ्या अंतरात गाडी थांबवता येईल असाच वेग ठेवायचा हा ड्रायव्हिंगचा अगदी मूळ नियम आहे. काळ्या कपड्यातला माणूस दिसला नाही याचा अर्थ रस्त्यावर पडलेला दगड, खड्डा, बसलेलं जनावर हेही दिसलं नसतं, म्हणजे वेग जास्तच होता. आणि ज्यांना समोरचं दिसतच नाही, त्यांच्यासाठी तर १९३० मध्येच अमेरिकेतल्या पिओरिया शहराने पांढऱ्या काठीचा नियम केला होता, काठी दिसली की गाडीने थांबायचं. आता आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर युरोपात नव्या गाड्यांना कमी वेगात आवाज करणारं यंत्र सक्तीचं केलंय, २०१९ पासून नव्या मॉडेलना आणि २०२१ पासून अशा सगळ्याच नव्या गाड्यांना. न दिसणाऱ्या माणसाला अजून सावध राहा असं सांगायच्या ऐवजी गाडीला आवाज करायला लावला, हे मला फार आवडलं.

वेगाबद्दल थोडक्यात. हायवे कोडच्या तक्त्यात ताशी २० मैल म्हणजे साधारण ३२ किलोमीटरला गाडी थांबायला १२ मीटर लागतात, ३० मैलाला २३ आणि ४० मैलाला ३६. १५ मीटरवर मूल रस्त्यात आलं तर पहिली गाडी त्याच्या आधी थांबते आणि तिसऱ्या गाडीचा ब्रेक त्या १५ मीटरांत नीट लागलेलाही नसतो, कारण तेवढ्यातले १२ मीटर नुसतं लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतच गेलेले असतात. मुलाची चूक तिन्ही वेळेला तीच आहे. स्पेनने मे २०२१ पासून शहरातल्या, प्रत्येक दिशेला एकच लेन असलेल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लावली, ऑस्लोमध्ये वेग आणि गाड्या दोन्ही कमी केल्यावर २०१९ च्या वर्षभरात एकही पादचारी किंवा सायकलवाला मेला नाही. तिथले पादचारी काही वेगळ्या मातीचे नाहीत.

पोलिसी दंडाबद्दलही बोलायला हवं, कारण शिस्त म्हटली की तोच उपाय सुचवला जातो. अमेरिकेनेच, जिथे ठरलेल्या जागेबाहेर रस्ता ओलांडायचा हा गुन्हा जन्माला आला, आता त्यातून पाय काढायला सुरुवात केलीय, व्हर्जिनियाने २०२१ मध्ये, कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून, जिथे आता धडकेचा खरोखरचा तातडीचा धोका असेल तरच पोलीस पादचाऱ्याला अडवू शकतात, आणि न्यूयॉर्क शहराने २०२४ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली अशा दंडाच्या पावत्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त काळ्या आणि लॅटिनो लोकांच्या नावावर होत्या. रस्ता तर सगळेच ओलांडतात. सगळेच मोडतात असा नियम हातात दिला की कोणाला पकडायचं हे पोलिसाच्या मर्जीवर जातं आणि मर्जी कायम कमजोरावरच फिरते, कुठल्याही देशात.

राहिला भरपाईचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी कसोटी हीच. फ्रान्समध्ये ५ जुलै १९८५ चा कायदा आहे, तेव्हाचे कायदामंत्री रोबेर बादिंतेर यांच्या नावाने ओळखला जातो, त्यानुसार गाडीच्या अपघातात जखमी पादचाऱ्याला शारीरिक इजेची भरपाई मिळतेच, अक्षम्य चूक आणि तीही अपघाताचं एकमेव कारण असेल तर वगळून, आणि १६ वर्षांखालच्या किंवा ७० वर्षांवरच्या माणसाने मुद्दाम स्वतःला इजा करून घेतली नसेल तर त्याला तोही अपवाद लागू नाही. नेदरलँड्समध्ये १४ वर्षांखालच्या मुलाला जवळजवळ कायमच पूर्ण भरपाई मिळते आणि मोठ्या पादचाऱ्यालाही, त्याची चूक असली तरी, सहसा किमान निम्मी. जर्मनीत १० वर्षांखालचं मूल गाडीच्या अपघाताला जबाबदारच धरता येत नाही. यात कोणाला तुरुंगात टाकायची भाषा नाही, फौजदारी गुन्ह्यासाठी ड्रायव्हरची चूक सिद्ध करावीच लागते आणि लागलीच पाहिजे. फक्त खर्च कोणी सोसायचा एवढंच ठरवलंय.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मग लोक पैशासाठी गाडीपुढे उड्या मारतील. मुद्दाम केलेलं या सगळ्या कायद्यांतून वगळलेलंच आहे, आणि मोडलेल्या मांडीच्या हाडासाठी भरपाई घ्यायला सहसा कोणी उत्सुक नसतं. दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे, की काहीच चूक नसलेल्या ड्रायव्हरने का भरावं. त्याचं उत्तर असं की तो स्वतः भरत नाहीच, विमा भरतो, आणि विमा सक्तीचा केलाय तो नेमका यासाठीच की गाडी चालवण्यातला धोका गाडी चालवणाऱ्या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यावा. पादचाऱ्याकडे असा कुठला विमा नाही. तो चुकला तर चुकीची किंमत त्याच्या शरीरावर आधीच वसूल झालेली असते, आणि वरून हॉस्पिटलचं बिल, बुडलेला पगार, घरात एक माणूस कायमचा अंथरुणावर. कोर्टात निम्मी चूक तुमची म्हणून निम्मी भरपाई कापतात तेव्हा कापणाऱ्याने बघितलं पाहिजे की त्या ठिकाणी पुढचं क्रॉसिंग किती लांब होतं, हिरवा दिवा किती सेकंदांचा होता, फुटपाथ मोकळा होता का. ही माहिती प्रत्येक अपघाताच्या पंचनाम्यात नोंदवणं सक्तीचं करा, आणि ती नोंदवलेली नसेल तर पादचाऱ्याच्या नावावर एक टक्काही चूक लावू नका.